औषध मारलेला समुद्र
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे शेतकरी कपाशीवर फवारणी करतो तेव्हा 'विष मारलं' असं म्हणत नाही, 'औषध मारलं' असं म्हणतो. ढेकणांना औषध, उंदरांना औषध, तणाला औषध. ज्याच्या अंगावर ते पडतं त्याच्या लेखी ते काय असतं, हा प्रश्न या शब्दात उरतच नाही. कवितेच्या नादामुळे मला शब्दांकडे जरा संशयाने पाहायची सवय आहे आणि हा शब्द आता समुद्रापर्यंत जाऊन पोचलेला दिसतो. जहाज फुटतं, तेल सांडतं, काळा तवंग पसरतो. मग बातमी येते की विमानातून रसायन फवारून तवंगाचा बंदोबस्त करण्यात येत आहे. दोन-चार दिवसांत तवंग दिसेनासा होतो, पाठोपाठ बातमीही दिसेनाशी होते. तेल गेलं कुठे, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही.

आज याच प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. तो सुरू होतो इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल नावाच्या परगण्यात, १९६७ साली.

त्या वर्षीच्या १८ मार्चला, शनिवारी सकाळी, 'टॉरी कॅन्यन' नावाचं तेलवाहू जहाज कॉर्नवॉल आणि सिली बेटं यांच्या मधल्या 'सेव्हन स्टोन्स' या खडकांवर चढलं. जहाज अमेरिकन कंपनीच्या मालकीचं, निशाण लायबेरियाचं, खलाशी इटालियन, माल ब्रिटिश कंपनीचा. कुवेतहून निघालेलं सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल घेऊन ते वेल्समधल्या मिलफर्ड हेवन या बंदराकडे चाललं होतं. त्या दिवशीची भरती साधली नाही, तर पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत पाच-सहा दिवस बंदराबाहेर तिष्ठत बसावं लागणार होतं. वेळ वाचवण्यासाठी कप्तानाने बेटांना वळसा घालायचं सोडून मधली वाट धरली. मूळचं ६० हजार टनांचं हे जहाज पुढे जपानमध्ये कापून, लांब करून दुप्पट क्षमतेचं केलेलं होतं. एवढं अवजड धूड वेळेवर वळलं नाही. खालच्या टाक्या फाटल्या आणि तेल वाहू लागलं.

एवढी मोठी तेलगळती जगाने तोवर पाहिली नव्हती. काय करायचं याचा आराखडा कोणाकडेही नव्हता. मात्र तेल विरघळवणारं डिटर्जंट हाताशी होतं. जहाजांच्या टाक्या आणि यंत्रघराच्या फरशा धुवायला ते वापरत असत. ब्रिटिश नौदलाच्या बोटी ते घेऊन पहिल्याच दिवशी निघाल्या आणि त्यांनी तवंगावर फवारणी सुरू केली. खेचून काढण्याच्या प्रयत्नांत जहाजावर स्फोट झाला आणि डच पथकातला एक माणूस मरण पावला. २६ मार्चला जहाजाचा कणा मोडला. २८ ते ३० मार्च असे तीन दिवस ब्रिटिश विमानांनी त्याच्यावर बॉम्ब टाकले, वर विमानाचं इंधन आणि नापामही ओतलं. हेतू हा की उरलेलं तेल जळून जावं. काही तेल जळलंही. पण तोवर बरंच तेल समुद्रात पसरलं होतं आणि त्यातलं अंदाजे १४ हजार टन कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागलं होतं.

ते दिवस ईस्टरच्या सुटीचे होते. कॉर्नवॉलचं पोट बऱ्याच अंशी पर्यटकांवर चालतं. वाळू काळी राहिली तर उन्हाळ्याचा हंगाम बुडणार. सैनिक आले, अग्निशामक दलाचे लोक आले, स्थानिक माणसं बादल्या घेऊन उतरली. किनारा लवकरात लवकर स्वच्छ दिसला पाहिजे, अशी सगळ्यांचीच इच्छा होती आणि त्या इच्छेत वाईट काही नव्हतं. सगळा मिळून सुमारे १० हजार टन डिटर्जंट समुद्रात आणि किनाऱ्यावर ओतला गेला. किनाऱ्याला लागलेलं तेल १४ हजार टन, त्याच्यावरचा साबण १० हजार टन! खडकांवर नळीने फवारे मारले गेले. काही ठिकाणी तर पिंपंच्या पिंपं रिकामी केली गेली.

हा साबण नेमकं काय करतो? आपण तेलकट कढई घासतो तेव्हा जे होतं तेच. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे तेलाचा अखंड थर फुटतो आणि त्याचे बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात. कढई लखलखीत होते, पण तेल नाहीसं होत नाही. ते मोरीतून पुढे गेलेलं असतं. समुद्रातही तेच घडतं. पृष्ठभागावरचं तेल थेंबाथेंबाने खाली उतरतं. तेल खाऊन जगणारे जिवाणू समुद्रात मुळातच असतात. थेंब बारीक झाले की त्यांना खायला जास्त पृष्ठभाग मिळतो, तेल लवकर कुजतं, असा यामागचा हिशोब. हिशोब चूक नाही. पण थेंब कुजेपर्यंत त्या पाण्यात राहणाऱ्यांचं काय, हा त्याचाच दुसरा रकाना आहे आणि १९६७ साली तो कोरा होता.

त्या वेळच्या डिटर्जंटमध्ये आणखी एक गोष्ट होती. साबण पातळ करण्यासाठी त्यात पेट्रोलियमपासूनच काढलेलं एक द्रावक मोठ्या प्रमाणात मिसळलेलं असे. ते अतिशय जहाल होतं. म्हणजे तेलावर जे औषध मारलं जात होतं, ते किनाऱ्यावरच्या जिवांना तेलाहून घातक होतं.

हे कळलं कसं, ती हकिकत मला या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. कॉर्नवॉलला लागूनच प्लिमथ हे शहर आहे. तिथे १८८८ पासून समुद्री जीवशास्त्राची एक प्रयोगशाळा आहे. अपघातानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी हातातली कामं बाजूला ठेवली आणि ते किनाऱ्यावर उतरले. ओहोटीला खडकांवर जायचं, जिवंत किती, मेलेले किती, ते मोजायचं. पाण्याचे नमुने घ्यायचे. प्रयोगशाळेत परत येऊन, किती थेंब डिटर्जंटने कुठला प्राणी मरतो, ते पाहायचं. संस्थेचे संचालक जे. ई. स्मिथ यांच्या संपादनाखाली या सगळ्याचा अहवाल पुढच्याच वर्षी, १९६८ साली, पुस्तकरूपाने आला. त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता. समुद्रपक्ष्यांचा बळी तेलाने घेतला होता, हजारोंच्या संख्येने. पण खडकांवरची आणि उथळ पाण्यातली जी कत्तल झाली, ती मुख्यतः डिटर्जंटने केली होती.

या कत्तलीत सर्वांत मोठा बळी गेला तो एका अगदी साध्या जिवाचा. लिंपेट त्याचं इंग्रजी नाव. छोट्या टोपीसारखं कवच असलेली ही गोगलगायीची भावकी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर ती घट्ट चिकटून बसते. भरती आली की खडकावर फिरून शेवाळ खरवडून खाते आणि ओहोटीच्या आधी परत आपल्याच जागेवर येऊन बसते. त्या जागेवर तिच्या कवचाच्या मापाची खाचही पडलेली असते. शेतातल्या गुरांसारखं तिचं काम. तिच्या चरण्यामुळे खडक मोकळा राहतो आणि बाकीच्यांना तिथे वस्ती करता येते.

डिटर्जंटने या लिंपेटांची पकड सुटली आणि त्या खडकांवरून गळून पडल्या. मग जे घडलं ते पाहायला भलतंच सुंदर होतं. चरणारं कोणी उरलं नाही, म्हणून काही आठवड्यांतच खडक हिरवेगार झाले. किनाऱ्यावरून जाणाऱ्याला वाटावं, निसर्ग किती लवकर सावरला! त्या हिरव्या शेवाळामागून तपकिरी, चिवट समुद्रवनस्पती आली आणि तिने सगळा खडक झाकून टाकला. तिच्या ओलसर सावलीत लिंपेटांची नवी पिलं वाढली, अमाप वाढली. मोठी झाल्यावर त्यांनी ते सगळं रान खाऊन फस्त केलं. खायला उरलं नाही, तेव्हा घर न सोडणाऱ्या त्या लिंपेट अन्नाच्या शोधात रांगा करून खडकभर फिरताना दिसल्या. पुढे त्या उपासमारीने मेल्या. पुन्हा वनस्पती, पुन्हा लिंपेट, असे हेलकावे चालत राहिले. ॲलन आणि ईव्ह साउथवर्ड या शास्त्रज्ञ दांपत्याने हा सगळा प्रवास वर्षानुवर्षं टिपला आणि १९७८ साली प्रसिद्ध केला. ज्या खडकांवर भरपूर डिटर्जंट मारलं होतं, ते पूर्वपदाला यायला दहा ते पंधरा वर्षं लागली, असं पुढच्या निरीक्षणांतून दिसलं.

आता कोणी म्हणेल, डिटर्जंट मारलं नसतं तरी तेलाने एवढंच नुकसान केलं असतं, कशावरून नाही? या प्रश्नाचं उत्तर देणारी एक जागा कॉर्नवॉलमध्येच होती. उत्तर किनाऱ्यावर गॉड्रेव्ही नावाचं टोक आहे. तिथे सील राहतात. त्या सीलांच्या काळजीपोटी तिथे डिटर्जंट मारू दिलं गेलं नाही. तेल तिथेही लागलं होतं, पण तिथल्या बऱ्याच लिंपेट जगल्या. त्यांनी शेवाळाबरोबर खडकावरचं तेलही खरवडलं. लाटांनी आपलं काम केलं, उन्हाने आपलं. दोन-तीन वर्षांत तो किनारा सावरू लागला. एकाच अपघाताचं, एकाच तेलाचं हे गणित. औषध मारलेल्या खडकाला दहा-पंधरा वर्षं आणि न मारलेल्याला दोन-तीन. ज्याने कोणी सीलांसाठी हट्ट धरला असेल, त्याला आपण जगाच्या पुढच्या पन्नास वर्षांसाठी पुरावा राखून ठेवतो आहोत, याची कल्पनाही नसणार.

तेच तेल इतरत्र गेलं, तिथे माणसांनी इतर उपाय केले. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर लोकांनी ते गोळा करून एका जुन्या दगडखाणीत भरलं. ते तेल पुढे चाळीसहून अधिक वर्षं तिथेच पडून होतं. २०१० साली जिवाणूंकरवी ते कुजवण्याचे प्रयत्न चालू होते. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर कालवांची शेती चालते. तिथे डिटर्जंटवर भर देणं फ्रेंचांना धोक्याचं वाटलं. त्यांनी खोल समुद्रातल्या तवंगावर खडूची भुकटी टाकून तेल तळाशी बसवलं. म्हणजे खाणीतलं तेल निदान डोळ्यांसमोर राहिलं. खडूने बुडवलेलं आणि साबणाने फोडलेलं तेल मात्र नजरेआड गेलं. समुद्रातून सांडलेलं तेल पूर्ण काढून घेणं बहुधा अशक्यच असतं. ते कुठे ठेवायचं, एवढाच निर्णय माणसाच्या हाती उरतो.

टॉरी कॅन्यनपासून जग काहीच शिकलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जहाजमालकांवर भरपाईची जबाबदारी टाकणारा आंतरराष्ट्रीय करार १९६९ साली झाला. जहाजांपासून होणारं प्रदूषण रोखण्याचा मोठा करार १९७३ साली झाला. रसायनंही बदलली. ते जहाल द्रावक गेलं, सौम्य मिश्रणं आली आणि त्यांना डिटर्जंट न म्हणता 'डिस्पर्संट', म्हणजे विखुरणारं रसायन, असं म्हणू लागले. ब्रिटनमध्ये नियम झाला की २० मीटरपेक्षा उथळ पाण्यात आणि त्याच्या लगतच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फवारणी करायची नाही.

या नियमाची परीक्षा १९९६ साली झाली. योगायोग असा की जिथे टॉरी कॅन्यनला जायचं होतं, त्याच मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी १५ फेब्रुवारीला 'सी एम्प्रेस' हे जहाज खडकावर गेलं आणि ७२ हजार टन कच्चं तेल सांडलं. या वेळी डिस्पर्संट वापरलं ते सुमारे ४४६ टन. तेही किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात, विमानातून. किनाऱ्यावरचे जीव याही वेळी मेले, पक्षी मेले. पण किनाऱ्यावर येऊन बसलं असतं असं बरंच तेल समुद्रातच विखुरलं गेलं. तेल नवं आणि हलकं होतं, समुद्र खवळलेला होता, पाणी खोल होतं. अशा वेळी डिस्पर्संट उपयोगी पडू शकतं, हे तिथे दिसलं.

आता उष्ण कटिबंधाकडे येऊ, कारण आपला किनारा तिकडचा आहे. १९८४ साली मध्य अमेरिकेतल्या पनामा देशात शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. खारफुटी, समुद्री गवत आणि प्रवाळ असं तिन्ही एकत्र असलेल्या जागा निवडल्या. एका जागी नुसतं तेल सोडलं, दुसरीकडे डिस्पर्संट मिसळलेलं तेल सोडलं, तिसरी जागा तशीच ठेवली. मग पुढे तीसएक वर्षं ते तिथे जाऊन पाहत राहिले. नुसत्या तेलाच्या जागी प्रवाळ बऱ्यापैकी वाचले, पण खारफुटीची झाडं मेली आणि तिथल्या चिखलात तेल वर्षानुवर्षं मुरून राहिलं. डिस्पर्संटच्या जागी उलट झालं. खारफुटी वाचली, पण प्रवाळ आणि त्याच्या आसपासचे जीव सुरुवातीला मोठ्या प्रमाणात मेले. काही वर्षांनी मात्र ते सावरले. खारफुटी वाचवायची तर प्रवाळाला झळ सोसायला लावायची, असा हा व्यवहार आहे. त्याला औषध म्हणण्यापेक्षा सौदा म्हणावं, हे बरं. सौद्यात कोण काय देतो आणि कोणाला काय मिळतं, हे निदान विचारता येतं.

हा सौदा फार मोठ्या प्रमाणावर झाला तो २०१० साली, अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातात. २० एप्रिलला 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार मरण पावले. तळाशी, सुमारे दीड किलोमीटर खोलवर, विहिरीचं तोंड उघडं पडलं आणि ते बंद व्हायला ८७ दिवस लागले. या काळात जवळजवळ ७० लाख लिटर डिस्पर्संट वापरलं गेलं. त्यातलं सुमारे २९ लाख लिटर थेट विहिरीच्या तोंडाशी, समुद्रतळावर सोडलं गेलं. एवढ्या खोलवर असा प्रयोग पूर्वी कधी झाला नव्हता. तेल वर येण्याआधीच फुटावं, म्हणजे किनाऱ्यावरच्या दलदलींना आणि पक्ष्यांना वाचवता येईल, शिवाय वर बोटींवर काम करणाऱ्या माणसांना तेलाच्या विषारी वाफा कमी लागतील, हा त्यामागचा विचार होता. २०१७ सालच्या एका अभ्यासाने वाफांबाबतचा हा अंदाज खरा असल्याचं दाखवलं.

पण कोरा रकाना इथेही होता. मे महिन्यात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला कमी विषारी रसायन शोधायला सांगितलं, काही दिवसांनी वापर मोठ्या प्रमाणात घटवायला सांगितलं. संस्थेने नंतर चाचण्या घेतल्या. त्यांत असं दिसलं की त्या वेळी मुख्यतः वापरलेलं डिस्पर्संट स्वतः तेलापेक्षा कमी विषारी आहे आणि दोघांचं मिश्रण साधारण तेलाइतकंच विषारी आहे. ऐकायला बरं वाटतं. पण यातली मेख अशी की, तेल पाण्यावर तरंगत असताना खालच्या माशाच्या अंड्याला ते जेवढं भेटतं, त्याच्या कितीतरी पट ते विखुरल्यावर भेटतं. विष तेच राहिलं तरी गिऱ्हाइकं वाढली.

पुढच्या वर्षांत एकेक गोष्ट बाहेर येत गेली. डिस्पर्संटमधला एक घटक खोल समुद्रातल्या तेलाच्या ढगात फवारणी थांबल्यावर दोन महिन्यांनीही सापडला. तो खोल पाण्यातल्या प्रवाळांजवळच्या गाळात आणि किनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यांतही मिळाल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. २०१५ साली एका अभ्यासाने तर मूळ हिशोबावरच बोट ठेवलं. प्रयोगात डिस्पर्संट घातल्यावर तेल खाणाऱ्या काही जिवाणूंची वाढ उलट खुंटली आणि तेल कुजण्याचा वेग वाढला नाही, असं त्यांना दिसलं. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. सफाईच्या कामावर गेलेल्या हजारो माणसांचा जो दीर्घ आरोग्य अभ्यास अमेरिकेत चालू झाला, त्यात डिस्पर्संटच्या संपर्कात आलेल्यांमध्ये खोकला, छातीतली घरघर, डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी अधिक आढळल्या. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सगळा पुरावा तपासून अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा की, डिस्पर्संट हे योग्य परिस्थितीत उपयोगी साधन आहे, पण प्रत्येक वेळी वाचतं काय आणि जातं काय याची तुलना करूनच ते वापरावं.

त्याच २०१० साली, ऑगस्टच्या ७ तारखेला, मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले, त्यांतल्या काहींत घातक रसायनं होती. तटरक्षक दलाने बोटी आणि हेलिकॉप्टरांतून तवंगावर रसायन फवारलं. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर खारफुटीची मुळं काळी पडली. मासळीला गिऱ्हाईक मिळेना. श्रावण तोंडावर होता, पण कोळीवाड्यांतल्या बायकांच्या रिकाम्या दिवसाचं कारण या वेळी श्रावण नव्हतं. पुढे २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा-३' हे जहाज बुडालं. त्याच्या टाक्यांत साडेचारशे टनांच्या आसपास इंधन होतं. तिथेही विमानातून तवंगावर फवारणी झाली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, तेव्हा तर किनाऱ्याला लागलेलं घट्ट तेल माणसांनी बादल्यांनी उपसलं. पद्धत जुनाट दिसली, त्यावर टीकाही झाली. पण बादलीतलं तेल बादलीत तरी होतं. ते मोजता येत होतं.

या घटनांत तटरक्षक दलाची माणसं जीव धोक्यात घालून काम करत असतात, याबद्दल शंका नाही. तवंग किनाऱ्याकडे सरकत असताना निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. माझा प्रश्न त्या काही तासांबद्दल नाही, त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांबद्दल आहे.

प्लिमथच्या लोकांना लिंपेट किती मेल्या हे सांगता आलं, कारण अपघातापूर्वी तिथे काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. कॉर्नवॉलचे खडक ते आधीपासून मोजत आले होते. आपल्याकडे डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या खडकांवर काय राहतं? कुठल्या खाडीत कालवं किती, कुठे शिणाणे, कुठे तिसऱ्या, कुठल्या महिन्यात कुठल्या माशाची अंडी पाण्यात असतात? गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्या किनाऱ्यावर बरंच काम केलेलं आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी गोव्याच्या आणि कोकणाच्या पुळणींवर जे डांबरगोळे येऊन पडतात, त्यांचं मूळ शोधण्याचं कामही त्यांनी केलं. पण अशी माणसं मोजकी आहेत आणि किनारा शेकडो किलोमीटरचा आहे.

एक ज्ञान मात्र किनाऱ्यावर आधीपासून आहे. कोळी, गाबीत, खारवी, दालदी यांच्या घरांत ते आहे. ओहोटीला खडकावर कालवं फोडायला जाणारी बाई कुठल्या कातळावर काय होतं आणि यंदा काय नाही, हे सांगू शकते. तिला कोणी वही दिलेली नाही आणि तिचं ऐकून लिहून घ्यायलाही कोणी येत नाही. तवंगाच्या दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो तो होड्यांचा, जाळ्यांचा. तिच्या कातळाचा पंचनामा कोण करणार? भरपाईच्या दाव्यात तो कातळ कुठल्या रकान्यात बसवणार?

तेव्हा मागणं फार मोठं नाही. फवारणी झाली की कुठे झाली, किती लिटर झाली, पाणी किती खोल होतं, हे त्या किनाऱ्याच्या गावांना त्यांच्या भाषेत कळावं. फवारणीनंतर निदान दहा वर्षं त्या जागेची मोजणी व्हावी, कारण लिंपेटांची गोष्ट दोन महिन्यांत पाहिली असती तर तिचा शेवट हिरवागार वाटला असता. आणि शक्य असेल तिथे एखादा कातळ, एखादी खाडी हात न लावता ठेवावी. गॉड्रेव्हीला सीलांनी ते काम केलं. आपल्याकडे सील नाहीत, म्हणून ते आपणच ठरवून करायला हवं.

आपल्या किनाऱ्यासमोरून रोज तेलाची जहाजं जातात. त्यांतलं एखादं कधी ना कधी फुटेल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या दिवशी विमान येईल, फवारा सोडेल आणि पाणी पुन्हा निळं दिसू लागेल. तेव्हा किनाऱ्यावर निदान एक माणूस असा असावा, ज्याच्या हातातल्या वहीत आदल्या वर्षीचा आकडा लिहिलेला आहे.